डावा, एक्केचाळीस

अर्जात रकाना एकच आहे: पायाचा नंबर.
मी विचारलं, तशी गेनोवेफाबाईंनी
मांडीवरची शाल वर ओढून दोन्ही पाय पुढे केले.
उजवा अडतीस.
डावा, अंगात पाणी साठायला लागल्यापासून,
एक्केचाळीस. संध्याकाळी आणखी अर्धा.
"लिहा," म्हणाल्या, "तुमच्या रकान्यात जो मावेल तो."

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ठीक,
पण पायच आपल्या मनाने पसरला तर?
मी अडतीस लिहिलं. मग खोडलं.
खाडाखोडीचा अर्ज बाद होतो, म्हणून नवा काढला
आणि पुन्हा अडतीसच लिहिलं.

वूच शहरात बत्तीस वर्षं मागावर होत्या त्या.
चार मागांमधून रोज किती कोस, कुणी मोजले नाहीत.
गिरणीत आता दुकानं आहेत, काचेची,
आत झाडंसुद्धा. त्या गेल्या नाहीत बघायला.
मागच्या हिवाळ्यात मी कोट नेला होता, खात्याचा, करडा;
अंगात घालण्याआधी त्यांनी तो उलटा केला,
अस्तरावरून अंगठा फिरवला, बाहीचे टाके मोजले.
"दोन हिवाळे," म्हणाल्या.
कोटाबद्दल, असं मी धरून चाललो.

कोठारात इरेनेउश नियम वाचतो, चष्मा कपाळावर ठेवून:
जोड फोडता येत नाही.
दोन जोड हवे तर दोन अर्ज,
दोन अर्जांना दोन माणसं.
"त्यांचे पाय दोन माणसांचे आहेत," मी म्हटलं.
तो हसला नाही. कोरड्या शिक्क्यावर फुंकर मारत बसला.

गुरुवारी बावुतीत होतो, चौथा मजला, लिफ्ट नाही.
झेनोन क्रुक. साखरेने डावा पाय गुडघ्यापासून नेला,
त्याला नऊ वर्षं झाली.
दर तीन वर्षांनी खातं त्याला बूट देतं.
जोड. अर्थातच जोड.
खिडकीत तीन डावे ओळीने उभे, एक्केचाळीस नंबर,
नाड्या ओवलेले, चिखल कधी न पाहिलेले,
आणि तिन्ही चकाकत होते.
"शनिवारी उजव्याला पॉलिश करतो," तो म्हणाला,
"तेव्हा यांना वगळायचं कसं?"

मी विचारायला नको होतं. माझ्या कामात ते बसत नाही.
विचारलं.
त्याने तिन्ही उचलून पाहिले, बराच वेळ,
डावा का होईना, लेक उजवायची असल्यासारखं,
मग मधला वर्तमानपत्रात गुंडाळला.

गेनोवेफाबाईंनी फुकट घेतला नाही.
खात्याचा अडतीसचा जोड आला, त्यातला उजवा पायात चढवला,
डावा माझ्या पिशवीत टाकला: "त्यांना द्या. हिशेब फिटला."
डावा पाय नसलेल्या माणसाला, बाईचा बूट, तोही डावा.
मी काही बोललो नाही. नेऊन दिला.

आता त्याच्या खिडकीत दोन मोठे, मध्ये एक लहान.
मी फायलीत लिहिलं: जोड एक, मिळाला, तक्रार नाही.

परवा त्याने विचारलं, "चालतात का त्या?"
"पलंगापासून खिडकीपर्यंत. आणि परत."
"एवढंच?" तो म्हणाला, जरासा हिरमुसून,
"मग पॉलिश अजून आहे तसंच असेल."
आणि ब्रश शोधायला लागला.