पांढऱ्यावर पांढरं

काचेला प्रकाशाचं काही वाटत नाही.
जन्मभर तो तिच्यातून जात-येत असतो,
शेजाऱ्यासारखा, दार न वाजवता.
निळा लेसर सोडला तरी तीच गत:
किरण आरपार, खालची फळी जळते
आणि पेला आपला जसाच्या तसा.
फरशीची तऱ्हा वेगळी. तिची पांढरी झिलई
आलेलं सगळं परतवून लावते.
पालथ्या घड्यावर पाणी.

म्हणून लेप.
काचेला काळा, मुलांच्या दप्तरातल्या पोस्टर-रंगाचा;
फरशीला टायटॅनियमचा पांढरा, स्प्रेच्या डब्यातला.
वीतभर अंतरावरून, श्वास रोखून, दोन हात.
पातळ बसला तर रेघ आजारी उमटते,
जाड बसला तर पापुद्रा उडतो.
किती, ते डब्यावर लिहिलेलं नसतं.

माझे वडील अदेरितु नाक मुरडतात.
मारिन्या ग्रांदच्या कारखान्यात एकेचाळीस वर्षं,
तांब्याच्या चाकापाशी, तेल आणि कुरुंदाच्या भुकटीत,
त्यांनी द्राक्षाचे वेल कोरले, हरणं, कुणाकुणाची आद्याक्षरं.
भट्टी विझली त्या वर्षी त्यांचे हात थरथरू लागले;
की आधीपासूनच थरथरत होते
आणि चाकानं झाकून घेतलं होतं,
ते आम्ही विचारत नाही.
"रंग फासायचा, जाळायचा, धुऊन टाकायचा,
याला काय कोरणं म्हणतात?"
असं म्हणतात, आणि खुर्ची मशीनजवळ ओढतात.

मंगळवारी व्हिएराच्या किनाऱ्यावरून जेझुइना आली.
पर्समधून एक पावती काढली, पालथी केली.
मागे नवऱ्याच्या अक्षरातली यादी:
पाव.
रेडिओचे सेल.
चार नंबरचे गळ.
आणि शेवटच्या ओळीत एकटाच सी.
पुढे काही नाही.
"कांदे असतील," ती म्हणाली, "नाहीतर कॉफी.
नाहीतर सिगारेट, डॉक्टरांनी बंद केलेली."
आमच्या भाषेत तिन्ही सीपासूनच सुरू होतात.

फरशी कबरीसाठी नको होती.
ओट्यामागे लावायची, जिथं तेल उडतं तिथं.
'गळ' लिहिताना त्याचं एक अक्षर चुकलं होतं.
दुरुस्त करू का, मी विचारलं.
तिनं असं पाहिलं
की मी मुकाट स्क्रीनकडे वळले.

पहिली फरशी तडकली.
दुसरीवर सेल पुसट आले.
तिसरीला मी लेप दिला, वाळू दिला, पुन्हा दिला,
आणि पांढऱ्यावर पांढरं असं ते काहीच-नाही
मशीनखाली सरकवलं.

मशीन माणसासारखं लिहीत नाही.
आधी अक्षरांचे माथे, मग पोटं, मग पाय,
केसाकेसानं खाली उतरत,
डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे,
काय लिहितोय याचा पत्ता नसलेलं.
त्या सीला चार मिनिटं लागली.
त्याला क्षणही लागला नसेल;
कुणी हाक मारली असेल, किंवा फोन,
किंवा पेन्सिलच कुठेतरी घसरली असेल.
जेझुइना खिडकीबाहेर बघत होती,
जळालेल्या पाइनच्या रानात
हातभर वाढलेल्या नव्या रोपांकडे.

धुण्याचं काम वडिलांनी घेतलं.
पुसायला थरथरते हात चालतात,
उलट बरेच पडतात.
अॅसिटोनचा बोळा गोलगोल फिरला,
पांढरा चिखल बेसिनमध्ये उतरला
आणि खालून काळी, चुकीच्या अक्षरासकट, यादी.
त्यांनी नख फिरवून पाहिलं.
"लागत नाही," म्हणाले.
मग तारेच्या घासणीनं घासलं, चांगलं जोर लावून.
रेघ हलली नाही.

जेझुइनानं नोटा मोजून ठेवल्या,
फरशी स्वेटरमध्ये गुंडाळली,
दारात थांबून पुन्हा एकदा उघडून बघितली.

ती गेल्यावर वडील बराच वेळ
बोटांचा रंग खरवडत बसले.
"मी असतो ना," म्हणाले,
"तर त्या सीपुढच्या रिकाम्या जागेत
एखादं पान कोरलं असतं. सवयच ती."
नंतर तडकलेली फरशी उचलून
त्यांनी कॉफीच्या कपाखाली ठेवली.