कपाचा कान

हॅझल फोर्कला पोचताना शेवटचे चाळीस मैल
रस्ता नदीशी भांडतो, मिटवून घेतो, पुन्हा भांडतो.
मग डोंगर जरा अंग चोरतात आणि पाटी येते:
'आपण मालिकेत प्रवेश करत आहात.'
खाली लोकसंख्येचा आकडा, दोनदा खोडून रंगवलेला.

डेल्मर स्टिल्टनर वीस डॉलरांत गाव फिरवतो,
शेरिफच्या गाडीतून. गाडी मालिकेतली नाही,
मालिकेतल्यासारखी. तो आपणहूनच सांगून टाकतो.
'चित्रीकरण सगळं कॅलिफोर्नियात, पुठ्ठ्याच्या गावात.
आम्ही मागाहून त्या पुठ्ठ्याबरहुकूम रंग दिला.'
न्हाव्याचं दुकान मुळात निळं होतं म्हणे;
पडद्यावर जे करडं दिसायचं
ते हिरवं असणार, असं समितीने ठरवलं,
सात विरुद्ध चार मतांनी.

टोलीडोला, काचकारखान्यामागच्या दोन खोल्यांत,
दर गुरुवारी रात्री वडील बूट न काढता हसायचे.
सगळ्यात जास्त टेलिफोनवाल्या बाईला.
मिस पर्ली. बशीएवढे कान,
हेडफोनमध्ये न मावणारे.
प्रत्येक फोन ती जोडायची, ऐकायची,
या कानाचं त्या कानाला करायची,
आणि जाहिरात लागेपर्यंत
शेरिफच्या गुडघेदुखीचं लग्न झालेलं असायचं.

'खरी बाई आहे अजून,' डेल्मर म्हणाला.
'ती वीस डॉलरांत येत नाही.
पण माझी आत्या लागते, आणि किराणा टाकायचाच आहे.'

ऑर्लेटा कूम्ब्स. वय एक्याण्णव.
पोर्चवर बसून शेंगांचे दोर काढत होती.
माझी नजर आधी कुठे गेली ते तिला कळलं.
'लहानच आहेत,' म्हणाली. 'सगळे तेच बघतात.'
मी काहीतरी पुटपुटलो.
तिने मूठभर शेंगा माझ्यापुढे सरकवल्या.

मालिका लिहिणारा पोरगा याच गल्लीतला.
सहा वर्षांचा असताना रिसीव्हर उचलून विचारायचा,
'ऑर्लेटा, आई कुठंय?'
'कुठंय ते मला माहीत असायचं,' ती म्हणाली.
'दर वेळी खरं नाही सांगितलं.'
शेंग मोडल्याचा आवाज. दुसरी शेंग.

बत्तीस वर्षं बोर्डावर.
कोण कुणाकडे पैसे मागतो,
कोण नुसताच श्वास घेऊन फोन ठेवून देतो.
खाण बसली त्या फेब्रुवारीत, पहाटे,
यादी आधी तिच्याकडे आली.
अकरा नावं. अकरा घरं जोडायची.
प्रत्येक बाईच्या 'हॅलो'च्या आधी
ऑर्लेटाला माहीत.
'आठवं नाव माझ्या भावाचं.
आईकडे मी शेवटी लावला.'

यातलं काही मालिकेत नाही.
अर्धा तास असायचा, त्यातही साबण.

राग नाही आला? मी विचारलंच.
'पहिल्या रात्री टीव्हीतून इतकी माणसं एकदम हसली,
मला वाटलं दारात कुणी आलंय.
उठून बघून आले.'
मग बऱ्याच वेळाने:
'मी कधी कुणाचं कुणाला सांगितलं नाही.
पण ते कोण बघणार?
गप्प बसलेली बाई. अर्धा तास.'

परतताना भेटवस्तूंचं दुकान.
मिस पर्लीच्या तोंडाचा कप, बारा डॉलर.
एक कान चितारलेला,
दुसरा कान म्हणजे कपाचाच कान.
मी परत ठेवला. पुन्हा उचलला.
घेतला. खोटं कशाला सांगू.

आता रोज सकाळी तो कान धरतो.
वरच्या मजल्यावरचं जोडपं आज पुन्हा भांडतंय,
तिच्या बहिणीवरून, आणि त्या पैशांवरून.
बायको आतून विचारते, काय चाललंय त्यांचं?
कॉफी कढत आहे.
काही नाही, मी म्हणतो.
नीट ऐकू नाही आलं.