नोंदवही, रविवार

एकतीस वर्षं मी रिओनी नदीवरच्या वीजघरात काढली.
तिथे शिकवलं होतं, बिघाड शोधायचा तर वरून खाली यायचं :
आधी पाणी, मग दार, मग चक्र, मग तार.
माणसांवर शंका सगळ्यात शेवटी.

म्हणून आज नऊला नेट बंद दिसलं
तेव्हा नातवाला फोन केला नाही.
चष्मा पुसला आणि टेबलाखाली शिरलो.

लामारा तयार होऊन बसलेली.
ओठांना लाली, मांडीवर कच्च्या अक्रोडांच्या मुरंब्याची बरणी,
थेसालोनिकीतल्या लेकीला निदान कॅमेऱ्यातून दाखवायला.
"झालं का, गुराम?"
म्हटलं, मी अजून पाण्यापाशीच आहे.

राउटरवर चार दिवे. तीन हिरवे, चौथा विझलेला.
सेटिंग्ज उघडली. नेटवर्क. प्रॉपर्टीज.
पत्त्याच्या जागी एकशे एकोणसत्तर, दोनशे चोपन्न, पुढे काहीबाही.
हा आकडा मला नातवानं एकदा समजावला होता :
मशीन आधी हाक मारतं, मी कोण, मला काय म्हणायचं,
थांबतं, पुन्हा मारतं,
आणि कुणीच ओ दिली नाही की
आपलं बारसं आपणच उरकून घेतं.
मग नाव असतं,
त्या नावानं बोलावणारं कुणी नसतं.

केबलच्या प्लगची इवलीशी जीभ तुटलेली,
दिसायला आत, असायला बाहेर.
काडेपेटीतली काडी तासून पाचर मारली.
टक्.
चौथा दिवा. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट.
सरळ, घरंदाज पत्ता.

तरी पान उघडेना.
तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही, म्हणे.
प्रॉक्सीची खूण काढली. लावली. काढली.
डीएनएस हातानं भरलं, पुसलं, आपोआपवर सोडलं.
फायरवॉल बंद केली; आपल्याच घरात चोरासारखं वाटलं, चालू केली.
पिंग केलं तर पलीकडून चार उत्तरं, चारही वेळेवर.
म्हणजे पाणी येतंय, चक्र फिरतंय,
आणि गावात अंधार.

लामारा उठून मागे आली, स्क्रीनच्या काळ्या कडेत लाली बघायला.
"इथे नवीन वर्ष लागलंय," ती म्हणाली.
खाली उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात :
एक जानेवारी दोन हजार दहा.

दुपारी दोन तास वीज गेली होती.
(मी निवृत्त झाल्यापासून जातेच.)
आतला बटणाएवढा सेल मेलेला असणार,
आणि मशीन जागं झालं ते थेट तिथे,
जिथून पुढचं काहीच घडलेलं नाही.
सगळं जग त्याला ओळखपत्र काढून दाखवत होतं
आणि ते म्हणत होतं, ही तारीख अजून यायचीय. व्हा मागे.

दोन हजार दहा.
तेव्हा इर्मा आतल्या खोलीत झोपायची,
सकाळी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची.
परक्या देशात परक्या म्हातारीला चमच्यानं भरवणं
तिच्या कुठल्याच प्रमाणपत्रावर नव्हतं.

लामारा काही बोलली नाही.
मीही बाण तिथेच ठेवला, वर्षाच्या आकड्यावर,
क्लिक न करता.
किती वेळ, ते नोंदवलेलं नाही.
मग तीच म्हणाली, "बघत असेल वाट."

नऊ बेचाळीसला चेहरा आला. बरणी दाखवली.
इर्मा म्हणाली, झाकण घट्ट लावा, मुंग्या येतात.

सोमवार.
जुना सेल नमुन्याला खिशात घालून नवा आणला.
सुटे सगळे दुकानदारानं घेतले.
आमच्या लिफ्टला वर जायला नाणं लागतं.
चाचपून जे हाताला लागलं ते फटीत टाकलं.
खडखडत खाली परत आलं.
उचलून बघतो तर तो मेलेला सेल.

नवा मुठीत धरून
जिन्यानं पाच मजले.