तुटका लोलक

चाळीस सालचा नोव्हेंबर. माव्रोपेत्राच्या चौकीवर
सतरा माणसं होती, असं म्हणतात.
तिसऱ्या रात्री उरला स्टेर्यिओस,
एक मशीनगन, अर्धं पोतं बटाटे,
आणि धुकं असं, की आपलाच हात परका वाटावा.

तो काही शिपाईगडी नव्हे. चीज करायचा.
दूध नासलं तर दिवसभर बोलायचा नाही.
त्या दुपारी रिकाम्या मेंढवाड्यातून त्यानं
शेळ्यांच्या घंटा गोळा केल्या, वीस-पंचवीस,
तारेत ओवल्या, आणि उतारावर
गुडघ्याइतक्या उंच ताणून दिल्या.

धनगराच्या पोराशी घंटा बोलते.
काळीची घोगरी : ती अक्रोडाखाली.
मोडक्या शिंगाचीची किनरी : ती ओढ्याच्या वळणावर.
तुटक्या लोलकाची खळखळ, म्हणजे तीस पावलं,
म्हणजे आता.

टोपीत पीस खोवलेली पोरं चढत यायची, अडखळायची.
जिथे घंटा, तिथे गोळी.
एकाचाही चेहरा पाहिला नाही, म्हणायचा पुढे,
कुणी विचारलं नसतानाही.

पहाटेआधी मी निघाले.
खेचरं खाली चिखलात रुतलेली,
जावेला ताप, म्हणून तिची पेटीही माझ्याच पाठीवर.
तारेचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझा डावा पाय जन्माचा आखूड.
झग्यात तार गुंतली
आणि तुटका लोलक खळखळला.

चाप ओढण्याआधी लोखंड
एक लहानसा श्वास घेतं.
तो मी ऐकला.
हलले नाही असं म्हणू नका, चांगली हलले,
घाबरून दोन पावलं पुढेच पडली :
एक जोरात, एक हळू.
एक जोरात, एक हळू.

मग धुकं म्हणालं, “झोईत्सा? वाकून ये.
पायमोजे आणलेस का?”

नव्हते आणले.

चौथ्या दिवशी कुमक पोचली.
त्याच्या पायाची आठ बोटं बर्फानं नेली.
कर्नलनं पदक लावलं, कागद वाचला :
खिंड लढवली, शत्रू रोखला, मेलेल्यांचा आकडा.
स्टेर्यिओस नव्या बुटांकडे बघत राहिला,
पुढून रिकाम्या.

परवा एक मुलगा आला वही घेऊन.
चौथरा बांधतायत वर, नावं कोरणार आहेत.
आजी, त्यांच्या शौर्याचं काही सांगा.
सांगितलं. सुटलेल्या गोळ्या त्यानं भराभर लिहून घेतल्या.
न सुटलेलीपाशी त्यानं पान उलटलं,
विचारलं, त्यांचं जन्मसाल काय हो?

घंटा माझ्याकडेच आहे. शेळीला बांधत नाही.
दाराला टांगलीय, मांजर शिरलं तरी खळखळते.
आणि मी आधी पाऊल ऐकते,
मगच विचारते, कोण.