शिंगाळ्याचा काटा

दिवाळ्याच्या जेटीवर शिंगाळा साफ करताना
आईच्या अंगठ्यात काटा मोडला.
"काय नाय होत," म्हणत तिने पुढचा मासा घेतला.

मी खारघरच्या लॅबमध्ये दिवसभर
काचेखाली हेच बघते:
पेशी फाटते, रसायन पाझरतं,
आणि रक्ताच्या ओढीत वाहून चाललेली एखादी पांढरी पेशी
अंगावरच्या रिसेप्टरने ते हुंगते,
भिंतीला घासत मंदावते,
थांबते,
फटीतून अंग चोरून बाहेर पडते.
वास जिकडे दाट, तिकडे.

रात्री अंगठा टम्म, लाल.
"पिकतंय गो."
"आलेत ते," मी म्हटलं.
"कोन आलं?"
हात दिव्याखाली धरून मी नुसती बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी तिने सुईने फोडलं.
थेंबभर पू, आत काटा.
मेलेले सगळे तिने पदराला पुसले
आणि टोपली उचलली.