चार जागा सरकून

पोळ्याच्या आदल्या दिवशी गजमल सरांचा उजवा हात गेला.
हात आणि बोलणं, दोन्ही एकदमच.
सेलूत स्टेशन रोडला त्यांचं दुकान:
डीटीपी, फ्लेक्स, पत्रिका, रबरी शिक्के.
शटर मी वर केलं. माउस मेलेला,
आणि वालूरचे बालाजी खुपसे काउंटरला कोपर टेकून उभे:
"मायचा फोटो द्या. फ्लेक्सवर लावलेला तोच.
आमच्याकडं दुसरा नाही."

बावीस वर्षांचं काम एका डबड्यात.
कुठं काय ठेवलंय ते सरांनाच ठाऊक.
शोधून पाहिलं, 'आई' म्हणून एकशेदहा निघाल्या,
'कै.' म्हणून त्याहून जास्त.

मग रात्री काळी खिडकी उघडली
आणि चौदा ओळी लिहिल्या. फार काही नाही.
फोल्डरात शिर.
नाव लिही.
आत आणखी असेल तर चार जागा सरक, पुन्हा शिर.
संपलं की परत ये.

शिरणं पहिल्या झटक्यात जमलं.
परत येणं तीनदा चुकलं.
दुधनेपल्याडच्या बोअरसारखं नुसतं खाली, खाली,
मुरूम, काळा पाषाण, पुन्हा काळा पाषाण,
आणि मग स्क्रीन गप्प.

दुसरी अडचण बारकी होती.
मधल्या नावापुढं फाटा काढायचा,
शेवटच्यापुढं कोपरा.
म्हणजे शेवटचं कोण
हे लिहायच्या आधीच कळायला पाहिजे.
मशीनला कळतं. ती अगोदर सगळी मोजून घेते.

पावणेचारला, लाईट जायच्या आत, उतरलं.
जुनं वर, नवं खाली:

गजमल
├── लग्न
│   ├── कुपटा
│   ├── मानवत
│   └── मोडलेली
├── वाढदिवस
│   └── भाऊ दादा साहेब
├── गेलेले
│   ├── घाईचे
│   └── सावकाश
├── उधारी
└── नंतर बघू

मोडलेली म्हणजे पत्रिका छापून झाल्यावर मोडलेली.
सरांनी एकही पुसली नव्हती.
घाईचे म्हणजे दहाव्याच्या आत पाहिजेत असे.
सावकाशमध्ये वर्षश्राद्धं.
खुपश्यांची माय तिथं असायला हवी होती, नव्हती.
ती सापडली उधारीत,
फाइलीचं नाव: खुपसे माय साडेतीनशे.

फोटो दिला. साडेतीनशेचं मी काढलं नाही.
पायरी उतरून ते परत वर आले,
"सरांचं काही राहिलंय का बघ बरं."

नंतर बघू रिकामं होतं.
शून्य फाइली.
या यादीत रिकामंही दिसतं, हा तिचा एक गुण.

रविवारी अकरा पानं छापून सरांच्या घरी नेली.
खाटेशी बसून वाचत गेलो, गाव, गावातलं घर, घरातलं कार्य,
दर नावाला थोडं आत सरकून,
आणि संपलं की बाहेर येऊन श्वास घेत.
मोडलेली आलं तेव्हा डावा ओठ हलला.
हसले असावेत. नक्की सांगता येत नाही.

शेवटचं पान त्यांनी डाव्या हातानं ओढून घेतलं.
तिथं सगळ्यात खाली
मी परवाच केलेलं एक नवीन फोल्डर होतं: दुरूस्ती.
त्याच्यामुळं नंतर बघूच्या पुढचा कोपरा जाऊन
तिथं फाटा आला होता.
ते सरांना दिसलं की नाही, कोण जाणे.
त्यांचं बोट माझ्या 'रू'वर थांबलं,
मग चादरीवर उतरलं,
आणि एक वाकडी रेघ काढू लागलं, पुसल्यासारखं करून पुन्हा काढू लागलं.

"काय करायलेत रे ते?" काकूंनी दारातून विचारलं.
मी म्हणालो, उकार.
ऱ्हस्व.