सहा आकडे

फुटबॉल एका ॲपवर, कबड्डी दुसऱ्या,
आणि वडिलांची कुस्ती तिसऱ्याच कुठल्या तरी,
जिथं ऐन पकडीत इलायचीची जाहिरात लागते
आणि परत येईतो पैलवान हात झटकत निघालेला असतो.

लाइट बिलाच्या पाठीवर मांडून बघतोय:
महिन्याचं घेतलं तर एवढं, वर्षाचं घेतलं तर एवढं.
मोबाईलपुरतं स्वस्त पडतं,
पण त्यात बॉल दिसतो मोहरीएवढा,
आणि अकरा वर्षं गोलात उभारलेल्या माणसाला
बॉल कुठनं येतोय ते दिसायला लागतं.

बायको म्हणाली, बॅडमिंटन कशात आहे ते बघा आधी.
तुला कशाला?
जिल्ह्याला खेळलेय मी, म्हणाली, दहावीत.
आणि कुकर लावायला गेली.

सध्या चालतंय ते मुबीनच्या नावावर.
चौघांत वर्गणी, पायगोंडाची गेल्या दिवाळीपासून बाकी.
मुबीन मस्कतला. मिरजेत त्याच्या अब्बांचं दुकान बंद,
फटीतनं बघितलं तर अजून टांगलेत
सतारीचे भोपळे, तार न लागलेले.
मैदानाच्या उजव्या कडेनं तो सुटायचा
आणि मी मागनं बोंबलायचो, मुब्या, पास दे की!
कधी दिला नाही.

आता देतो.
टीव्ही मधनंच अनोळखी होतो, सहा आकडे मागतो,
ते जातात त्याच्या फोनवर.
मी लिहितो, पाठव. तो पाठवतो.
आकडा दहा मिनिटं चालतो, आमचं बोलणं तेवढंही नाही.

पोरगं म्हणतं, स्वतःचं घ्या ना पप्पा,
दर वेळी कुणाला मागायला नको.
बरोबर आहे त्याचं.
म्हणून जुना हिशेब बघायला वर वर सरकवत गेलो:
४७१९०३. पाठव. २२८०१६. पाठव.
आणि मधेच, मागच्या श्रावणात,
अब्बा गेले.
खाली माझं, वाईट झालं रे.
त्याच्या खाली, चौथ्या दिवशी, माझंच:
कोड पाठव.

पाठवला होता त्यानं.
सहाच्या सहा.

बिलाची घडी घातली.
बॅडमिंटनचं घेतलं, वर्षाचं, तिच्या नावावर.
वडिलांना सांगितलं, कुस्ती तालमीत जाऊन बघा, फुकट आहे.
फुटबॉलचं तसंच ठेवलं.

रात्री साडेबाराला सामना. मस्कतला अकरा.
टीव्हीनं आज काही मागितलं नव्हतं,
मीच लॉगआउट केलं.
पाठव, लिहिलं. मग खाली लिहिलं,
दुकानाचं काय करणार आहेस?

आकडा लगेच आला.
त्यानंतर ते तीन ठिपके, हलणारे,
थांबतात, परत हलतात.
तिकडं सामना सुरू झाला असणार.
पाच मिनिटं झाली, सात झाली,
आकडा आता मरेल.
लिहितोय अजून.